हॉक्स्टनचे वैद्य : जेम्स पार्किन्सन

ज्या माणसाचे नाव आज जगभरच्या इस्पितळांतून उच्चारले जाते, त्याचे एकही खात्रीलायक चित्र उपलब्ध नसावे, हे नवल म्हटले पाहिजे. जेम्स पार्किन्सन वारले तेव्हा छायाचित्रणाची कला रूढ झालेली नव्हती. त्यामुळे त्यांचे म्हणून कुठे कुठे छापले जाणारे छायाचित्र त्यांचे असूच शकत नाही. कंपवाताविषयी वाचता वाचता मी त्यांच्या चरित्राकडे वळलो. त्यांच्या शोधाचे महत्त्व आहेच. पण मला अधिक ओढ लागली ती त्यांच्या अखंड शिकत राहण्याची.

लंडनच्या शोरडिच भागातील हॉक्स्टन येथे 11 एप्रिल 1755 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जॉन पार्किन्सन हे तेथेच वैद्यकी करीत. त्यांच्या हाताखाली उमेदवारी करून आणि काही महिने लंडन इस्पितळात शिकून जेम्स तयार झाले. 1784 मध्ये शल्यवैद्याची सनद मिळाली. पोटापाण्याचा प्रश्न सुटला होता, घरचा दवाखाना होता; पुस्तके मिटून ठेवायला हरकत नव्हती. परंतु दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, हे गृहस्थ थोर शल्यविशारद जॉन हंटर यांच्या व्याख्यानांना विद्यार्थी म्हणून जाऊन बसले! त्यांनी लघुलिपीत टिपणे काढली आणि ती जपून ठेवली. पुढे त्यांच्या मुलाने 1833 मध्ये ती प्रसिद्ध केली. 1800 मध्ये पार्किन्सन यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटे पुस्तकही लिहिले आणि उमेदवारीची वर्षे औषधे कुटण्यात वाया घालविणाऱ्या त्या काळच्या पद्धतीवर टीका केली.

दवाखान्याबाहेरचे जगही त्यांना परके नव्हते. 'ओल्ड ह्युबर्ट' या टोपणनावाने त्यांनी गरिबांच्या बाजूने आणि राजकीय सुधारणांसाठी पत्रके लिहिली. त्यापायी 1794 मध्ये, राजाला मारण्याच्या एका कथित कटासंबंधी त्यांची प्रिव्ही कौन्सिलपुढे शपथेवर तपासणी झाली. फावल्या वेळात ते जीवाश्म गोळा करीत. 1804 ते 1811 या काळात त्यांनी त्या विषयावर तीन खंड प्रसिद्ध केले. 1807 मध्ये लंडनची भूशास्त्र संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

त्यांचे नाव ज्यामुळे अमर झाले तो 'कंपवातावरील निबंध' 1817 साली निघाला. त्या वेळी त्यांचे वय बासष्ट होते. निबंधात अवघ्या सहा रुग्णांची हकीकत आहे. त्यांतले काही त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते. हात स्वस्थ असताना येणारा कंप, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता धावू लागणारी पावले, हे सारे त्यांनी अगदी नेमके टिपले. उपचारांबाबत मात्र ते त्या काळाचेच होते. दोष मानेतील मज्जारज्जूत असावा असे मानून त्यांनी मानेपाशी रक्त काढण्याचा उपाय सुचविला. तो तर्क चुकीचा ठरला. पण शवविच्छेदनाचा आधार आपल्याजवळ नाही हे त्यांनी उघड मान्य केले आणि ते काम इतरांनी पुढे न्यावे अशी इच्छा व्यक्त केली.

ते काम पुढे गेले. पॅरिसच्या शार्को यांनी स्नायूंच्या ताठरपणाची भर घातली आणि रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. 1919 मध्ये त्रेत्याकॉफ यांनी मेंदूतील कृष्णद्रव्याच्या ऱ्हासाकडे बोट दाखविले. 1960 मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असल्याचे सिद्ध झाले, आणि 1967 मध्ये अमेरिकेत कॉटझियास यांनी लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन रुग्णांना चालते केले. आपल्याकडे रानात उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा मद्रासच्या संशोधकांनी 1937 मध्येच वेगळे काढले होते.

तरीही रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही, आणि निदानाची मुख्य भिस्त अजून डॉक्टरांच्या नजरेवरच आहे. माझ्या आजोबांचे अक्षर बारीक बारीक होत गेले, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी त्यांना खोलीत नुसते चालायला सांगितले. चालताना उजवा हात हलत नाही एवढे पाहून त्यांनी रोग ओळखला. गोळी जेवणाबरोबर न घेता आधी घ्यावी, कारण प्रथिने तिच्या आड येतात. ती एकाएकी बंद करू नये. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड अशा रुग्णाला देऊ नये. रोज व्यायाम करावा. या गोष्टी त्यांनी आम्हांला समजावून सांगितल्या. यातले बरेचसे ज्ञान पदवीनंतरच्या वाचनातून आणि व्याख्यानांतून येते. ते ज्याने मिळविले नाही त्याच्या रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते.

21 डिसेंबर 1824 रोजी पक्षाघाताने पार्किन्सन यांचे निधन झाले. शोरडिचच्या सेंट लेनर्ड चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. आपल्या नावाचा रोग जगाला ठाऊक होईल याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल आता जागतिक पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी जे वैद्यकाकडे जातील त्यांनी, आणि जे जाणार नाहीत त्यांनीही, सनद हाती आल्यावर पुन्हा बाकावर जाऊन बसलेल्या या तीस वर्षांच्या वैद्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.