मायकेल फॅरेडे आणि मुलांची मेणबत्ती

1860 सालच्या नाताळच्या सुटीत लंडनच्या आल्बमार्ल रस्त्यावरील रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात मुले दाटीवाटीने बसली होती. त्यांच्यासमोर मेजामागे उभे असलेले गृहस्थ एकोणसत्तर वर्षांचे होते. विजेचे जनित्र ज्या तत्त्वावर चालते ते तत्त्व त्यांनी शोधून काढले, त्याला तीस वर्षे होत आली होती. युरोपातील विद्वत्सभा त्यांना सदस्य करून घेण्यात भूषण मानीत. अशा पुरुषाने मुलांपुढे बोलायचे म्हणजे स्वतःच्या शोधांची कहाणी सांगावी, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. मायकेल फॅरेडे यांनी मात्र मेजावर एक मेणबत्ती पेटवली आणि सहा व्याख्याने तिच्यावरच दिली.

मेणबत्तीची ही निवड सोपेपणासाठी केलेली तडजोड नव्हती. फॅरेडे ज्या वाटेने विज्ञानापर्यंत पोहोचले, ती वाटच घरातल्या आणि दुकानातल्या क्षुल्लक वस्तूंमधून गेलेली होती.

त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत; प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांच्या कामात वारंवार खंड पडे. 1801 साली धान्य महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याने सात दिवस पुरवायचा असे. शिक्षण वाचन, लेखन आणि जुजबी अंकगणित एवढ्यावरच संपले. गणिताची ही उणीव जन्मभर राहिली आणि तिची बोच त्यांना शेवटपर्यंत होती.

वयाच्या तेराव्या वर्षी हा मुलगा रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या कामाला लागला आणि पुढल्या वर्षी, 1805 मध्ये, तेथेच पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. सात वर्षांची उमेदवारी होती. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो बांधता बांधता वाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील संवादात्मक पुस्तक यांनी त्याला झपाटले. मात्र छापलेले वाक्य वाचून त्याचे समाधान होत नसे. लिहिलेले खरे आहे का, हे स्वतःच्या हातांनी पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आठवड्याच्या मजुरीतून उरेल तेवढ्या पैशांत जमणारे प्रयोग तो करी; एका बाटलीपासून त्याने घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्रही बनवले. मालकाने या खटपटीकडे काणाडोळा केला, याबद्दल विज्ञानाचा इतिहास त्या पुस्तकविक्रेत्याचा ऋणी आहे.

शहरात टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेशाला शिलिंग पडे. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणे लोहारच होता. त्याने आपल्या कमाईतून हे शिलिंग दिले. 1812 च्या वसंतात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. सज्जात बसून त्याने टिपणे घेतली, घरी ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि अर्थातच स्वतःच्या हातांनी त्यांची बांधणीही केली.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातील एक प्रयोग त्याच्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रामुळे आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे. व्होल्टाचा विद्युतघट तयार करण्यासाठी लागणारी सामग्री विकत घेणे त्याला शक्य नव्हते. त्याने तांब्याची सात हाफपेनी नाणी घेतली. जस्ताचा पत्रा आणून त्याच आकाराच्या सात चकत्या कापल्या. मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे मध्ये घालून त्याने ही चवड रचली. तिच्या दोन टोकांच्या तारा मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे साध्या जुलाबाच्या मिठाच्या, द्रावणात सोडताच त्या द्रावणाचे विघटन होऊ लागले. खिशातल्या सुट्या नाण्यांनी एका रासायनिक संयुगाची फोड केली होती. वीस वर्षांच्या त्या तरुणाचा आनंद पत्राच्या ओळीओळीतून ओसंडतो.

ऑक्टोबरमध्ये उमेदवारी संपली आणि तो रोजंदारीवरचा बांधणी कारागीर झाला. हे आयुष्य असेच जाणार असे दिसत होते. डिसेंबरात त्याने बांधलेली ती टिपणे डेव्हींकडे पाठवली. पुढे इन्स्टिट्यूशनमधील साहाय्यकाला मारामारीबद्दल काढून टाकण्यात आले आणि 1 मार्च 1813 रोजी फॅरेडे यांची त्या जागी नेमणूक झाली. आठवड्याला 25 शिलिंग, इमारतीच्या माथ्यावरील दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या अशा अटी होत्या.

त्याच वर्षाच्या शरदात डेव्ही दांपत्यासह फॅरेडे युरोपच्या दौऱ्यावर निघाले. लेडी डेव्हींनी त्यांना नोकरासारखे वागवले आणि तो अपमान गिळून त्यांनी प्रवास पुरा केला. मार्च 1814 मध्ये फ्लॉरेन्सला त्यांच्या डोळ्यांसमोर एक विलक्षण प्रयोग झाला. टस्कनीच्या ग्रँड ड्यूककडील प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून प्राणवायूत ठेवलेला हिरा जाळण्यात आला. हिरा जळून संपला आणि मागे जो वायू उरला तो कोळसा जळाल्यावर मिळतो तोच होता. राजमुकुटातील रत्न आणि मेणबत्तीची काजळी एकाच द्रव्याची, हे ज्याने तरुणपणी पाहिले, त्याला मेणबत्ती क्षुद्र कशी वाटावी!

लंडनला परतल्यावरच्या संशोधनाचा विस्तार मोठा आहे. येथे त्याची साधने पाहिली तरी पुरे. सप्टेंबर 1821 मध्ये पाऱ्याच्या भांड्यात मेणाने उभा बसवलेला चुंबक आणि त्याभोवती लोंबणारी तार यांतून त्यांनी विजेच्या बळावर सतत फिरणारी गती निर्माण केली. आजच्या मोटरचे बीज तेच. तार फिरू लागताच फॅरेडे आपल्या अल्पवयीन मेहुण्यासह मेजाभोवती नाचू लागले आणि संध्याकाळी दोघे सर्कशीतील घोडे पाहायला गेले. 1824 मध्ये वायूंच्या प्रयोगांसाठी त्यांना पिशव्या हव्या होत्या. त्यांनी कच्च्या रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवले, मधला भाग चिकटू नये म्हणून आत पीठ भुरभुरले आणि कडा दाबून जोडल्या. जत्रेत मिळणाऱ्या फुग्याचा हा पूर्वज. आणि 29 ऑगस्ट 1831 रोजी ज्या लोखंडी कड्याने विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला, त्याच्या तांब्याच्या तारांचे वेढे एकमेकांना भिडू नयेत म्हणून त्यांनी मध्ये सुतळी आणि कापड गुंडाळले होते. त्या काळी वेष्टित तार दुकानात मिळत नसे.

मुलांसाठी नाताळची व्याख्याने रॉयल इन्स्टिट्यूशनने 1825 साली सुरू केली. फॅरेडे यांनी पहिली माला 1827 मध्ये दिली आणि त्यानंतर एकूण एकोणीस मालांचे ओझे त्यांनी वाहिले. त्यांना स्वतःला मूल नव्हते; घरात भाच्या वाढत होत्या. वक्तृत्व ही त्यांची उपजत देणगी नव्हती. त्यांनी ते अभ्यासाने कमावले. उत्साहाच्या भरात बोलणे भरधाव सुटे, म्हणून सावकाश बोलण्याची आठवण देणारे कार्ड साहाय्यकाने समोर ठेवावे, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. अँडरसन हा साहाय्यक पूर्वी सैन्यात होता. भट्टी पेटती ठेवण्यास सांगून फॅरेडे एकदा त्याला घरी जाण्याची परवानगी द्यायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतात तो अँडरसन रात्रभर भट्टीत कोळसा घालीत बसलेला.

मेणबत्तीच्या व्याख्यानांत काय होते? वितळलेले मेण वातीतून वर का चढते, हे सांगण्यासाठी त्यांनी मिठाचा एक स्तंभ रंगीत पाण्यात उभा केला आणि रंग हळूहळू वर चढताना मुलांना दाखवला. हात पुसून टॉवेल तस्ताच्या काठावर टाकला की तस्तातले पाणी त्यातून चढून जमिनीवर टिपकते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. आपल्याकडे समईतील तेल वातीच्या टोकापर्यंत पोहोचते तेही याच केशाकर्षणाने. ज्योतीच्या मध्यावर क्षणभर आडवा धरलेला कागद मध्यभागी न जळता वर्तुळाकार करपतो. म्हणजे उष्णता मध्यात नसून कडेला आहे. त्या काळोख्या मध्यातून वाकड्या काचनळीने वाफ बाहेर आणून त्यांनी नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटवली. मेण स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, ही गोष्ट मुलांनी सांगोवांगी मानली नाही. ती त्यांनी पाहिली. बर्फ भरलेले भांडे ज्योतीवर धरताच त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमले. आगीतून पाणी निघालेले पाहून सभागृहाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी.

हवेच्या दाबाकडे वळल्यावर तर त्यांनी खेळण्यांचीच दुकान मांडावी तशी मांडणी केली. पोकळ पिसाच्या दांडीत बटाट्याच्या चकत्या दाबून केलेली हवेची बंदूक, पाण्याच्या पेल्यावर सपाट कार्ड ठेवून तो उलटा करण्याची युक्ती, एका पेल्यातले अंडे फुंकरीने शेजारच्या पेल्यात उडवणे, अशा या गमती होत्या. यांपैकी कितीतरी गोष्टी घरी जाऊन करता येण्यासारख्या होत्या आणि त्या कराव्यात असे ते मुलांना आवर्जून सांगत. अखेरच्या व्याख्यानात त्यांनी श्वासोच्छ्वास आणि मेणबत्तीचे जळणे यांचे साम्य उलगडले. दोन्हींतून निघणारा वायू चुन्याची निवळी सारखीच पांढरी करतो.

पाहण्याची ही सवय केवळ प्रयोगशाळेच्या उपयोगाची आहे, असे त्यांना वाटत नव्हते. 1853 साली लंडनच्या दिवाणखान्यांत मेजाभोवती बसून, हात टेकवून, मेज आपोआप फिरते असे मानण्याचे खूळ माजले होते. सुशिक्षित माणसे त्यात भुतांचा हात पाहत. फॅरेडे यांनी हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि त्यांच्यामध्ये मऊ चिकट गोळ्या घातल्या. मेज फिरल्यावर थर तपासले, तर वरचा पुठ्ठा खालच्याच्या पुढे सरकलेला आढळला; म्हणजे मेजाने हातांना नव्हे, हातांनी मेजाला ढकलले होते. मग त्यांनी त्या थरांची किंचित हालचालही दाखवणारा काटा बसवला. बसणाऱ्यांना तो दिसू लागताच मेज फिरेनासे झाले. कोणी लबाडी करीत नव्हते; आपला हात काय करतो आहे, हेच माणसांना ठाऊक नव्हते. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्यावर पत्रांचा भडिमार झाला. शिकल्यासवरल्या लोकांची विवेचनशक्ती इतकी अप्रशिक्षित असावी, याचे दुःख त्यांना फार झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी मनाच्या शिक्षणावर स्वतंत्र व्याख्यान दिले.

1862 मध्ये इंग्लंडमधील नामांकित शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या शाळांत ग्रीक व लॅटिन यांना मान होता. निसर्गविज्ञानाला जवळजवळ स्थान नव्हते. इतकी मोठी ज्ञानशाखा मुलांपासून दूर ठेवली जाते, याचे आश्चर्य त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले. स्वतः ज्या माणसाने शाळेत जुजबी शिक्षणापलीकडे काही शिकले नव्हते, त्याची ही साक्ष होती. ती देताना मुलांपुढची त्यांची स्वतःची व्याख्याने मात्र संपलेली होती. 1840 च्या सुमारास ढासळलेली प्रकृती पुढे सावरली, तरी स्मरणशक्ती पूर्ववत झाली नाही. प्रयोगांच्या नोंदींना ते क्रमांक देऊन ठेवीत. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले होते. नाताळची व्याख्याने मात्र शक्य तोवर सोडली नाहीत. 1861 च्या शरदात त्यांनी तीही सोडली. विल्यम क्रूक्स यांनी संपादित केलेले मेणबत्तीच्या व्याख्यानांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ते अनेक भाषांत वाचले जात आहे.

राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे दिलेल्या घरात, आपल्या अभ्यासिकेतील खुर्चीत बसल्या जागी, 25 ऑगस्ट 1867 रोजी फॅरेडे यांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अगदी साधेपणाने, हायगेटच्या दफनभूमीत झाले. आल्बमार्ल रस्त्यावरील त्या सभागृहात नाताळच्या दिवसांत मुले आजही जमतात.