रक्तक्षयाचे कोडे उलगडणाऱ्या डॉ. लुसी विल्स

गर्भवती महिलांना शासकीय रुग्णालयांतून आणि आशा सेविकांमार्फत मिळणारी लाल गोळी अकोल्याच्या जुन्या शहरातील कुटुंबांना नवी नाही. 'रक्तवाढीची गोळी' म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि त्याच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाचे महत्त्व वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते. फॉलिक ॲसिडचा माग मात्र मुंबईतील गरीब गर्भवतींच्या खाटांपासून सुरू झाला. तो काढणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर म्हणजे लुसी विल्स.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९११ मध्ये त्या अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्या; पण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ महिलांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे काही काळ त्यांनी परिचारिकेचे काम केले आणि परतल्यावर लंडनमधील महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र स्वतंत्र व्यवसायापेक्षा त्यांना संशोधन जवळचे वाटले. रॉयल फ्री रुग्णालयात गर्भावस्थेतील विकारांच्या संशोधन विभागात त्या रुजू झाल्या.

मुंबईतील गूढ आजार

१९२८ च्या सुमारास मुंबईत एका विचित्र रक्तक्षयाने डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. गरीब गर्भवतींमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या महिलांमध्ये, तो आढळत असे. रुग्ण पांढरीफटक पडे, धाप लागे आणि अनेकदा बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर तिचा मृत्यू ओढवे. माता मृत्यूंच्या चौकशीचे काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने विल्स मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. कामा रुग्णालयासारख्या रुग्णालयांतील महिला त्यांच्या अभ्यासाचा विषय होत्या.

या आजाराच्या निदानात एक फसवा भाग होता. सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाच्या रक्तात नेहमीपेक्षा मोठ्या, अपरिपक्व तांबड्या पेशी दिसत. पाश्चात्त्य देशांत तेव्हा जीवघेण्या समजल्या जाणाऱ्या 'पर्निशस ॲनिमिया' या विकारातही रक्ताचे चित्र हुबेहूब असेच असते. एकेकाळी त्यावर सोमलाची औषधे दिली जात. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी भरपूर यकृत खाऊ घातल्यास हे रुग्ण वाचतात, असे दाखवून दिले होते. साहजिकच मुंबईचा आजारही तोच आहे, असे मानून तोच उपचार करण्याचा मोह होण्याजोगा होता.

विल्स यांनी ते गृहीत धरले नाही. आधी त्यांनी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली; तसे कारण सापडले नाही. मग त्या रुग्णांच्या घरच्या ताटाकडे वळल्या. कोणत्या घरांत आजार अधिक, तेथे काय शिजते आणि काय परवडत नाही, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. गरीब मुस्लिम महिलांमध्ये प्रमाण जास्त दिसले आणि त्यांच्या आहारात फळे व भाजीपाल्याची वानवा होती. तसाच आहार त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांना दिला. गाभण माद्या रक्तक्षयाने दगावल्या. यीस्ट दिलेल्या मात्र वाचल्या. पुढे या उंदरांच्या रक्तक्षयात उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाचाही हात असल्याचे आढळले. त्यामुळे उंदरांवरील पुरावा निर्णायक मानता येईना. विल्स यांनी माकडांवर प्रयोग सुरू केले. खालावलेल्या एका माकडाला 'मार्माइट' हा यीस्टचा अर्क दिल्यावर ते झपाट्याने सुधारले.

स्वस्त अर्काची किमया

मार्माइट हे कोणतेही महागडे औषध नव्हते. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला, ब्रिटिश घरांत पावाला लावला जाणारा तो काळपट अर्क होता. मुंबईतील रुग्णांना तो दिल्यावर काही दिवसांतच रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांचा शोधनिबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' असे नाव मिळाले.

त्यांचे दुसरे निरीक्षण तितकेच मोलाचे होते. पर्निशस ॲनिमियावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क मुंबईच्या रुग्णांवर निष्प्रभ ठरत होता. कमी शुद्ध केलेला अर्क मात्र लागू पडत होता. शुद्धीकरणात काहीतरी गमावले जात होते आणि नेमके तेच या महिलांना हवे होते. याचा अर्थ स्पष्ट होता. रक्ताचे चित्र एक असले, तरी आजार दोन होते. या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यासाठी १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या.

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी चार टन पालकातून हा घटक वेगळा केला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात. त्यावरून फॉलिक ॲसिड हे नाव पडले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे नेतृत्व भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्याकडे होते.

औषधच जेव्हा घातक ठरते

गोळी हाती आली आणि विल्स यांनी दाखवलेल्या फरकाचे गांभीर्य वेगळ्याच वाटेने समोर आले. पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही फॉलिक ॲसिड दिले जाऊ लागले. त्यांचे रक्त सुधारले, चेहऱ्यावर तजेला आला. पण काहींच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, चाल अडखळू लागली, मज्जारज्जूची हानी वाढत गेली. त्या रुग्णांत खरी उणीव होती ती बी-१२ जीवनसत्त्वाची, जे १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. फॉलिक ॲसिडने रक्ताचा अहवाल सुधारत होता, मज्जातंतूंचा ऱ्हास थांबत नव्हता. धोक्याची खूण पुसली जात होती आणि धोका मात्र कायम राहत होता.

विल्स १९४७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पोषण व रक्तक्षयाचा अभ्यास केला. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. गिर्यारोहण आणि सायकल यांची त्यांना आवड होती. त्या अविवाहित राहिल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते पाहण्यास विल्स हयात नव्हत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. त्यांच्यासाठी लाल गोळी मोलाची आहे आणि ती स्वतःच्या मनाने बंद करणे योग्य नाही. मात्र गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा तोल जात असेल, तर केवळ मात्रा वाढवून भागत नाही. बी-१२ ची तपासणी तेव्हा आवश्यक ठरते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस अशा प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळत असल्याने शाकाहारी कुटुंबांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवायला हवी. सारखे दिसणारे आजार एकच असतील असे नाही, हा विल्स यांनी मुंबईत घालून दिलेला धडा आजही प्रत्येक रुग्णालयात उपयोगी पडणारा आहे.