ना. म. जोशी : वॉशिंग्टनचा ठराव आणि सोलापूरचा भोंगा

सोलापूरची 'जुनी गिरणी' १८७७ मध्ये सुरू झाली आणि या शहराचा दिवस भोंग्यावर उगवू लागला. १९११ च्या कारखाना कायद्यानुसार कापड गिरणीतील पुरुष कामगाराला रोज १२ तास राबवता येत असे. नऊ वर्षांचे मूलही कामावर ठेवता येत असे. १९२२ मध्ये ही मर्यादा दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांवर आली, मुलांचे किमान वय १२ झाले. या बदलामागे येथील संपांचा रेटा होता, हे खरेच. १९२० मध्ये सोलापूरच्या गिरण्याही बंद पडल्या होत्या. पण त्याचा मसुदा १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ठरला होता. तेथे भारतीय कामगारांच्या वतीने बसले होते नारायण मल्हार जोशी.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. काही वर्षे शिक्षकी करून ते १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. वक्तृत्वाने सभा गाजवण्याचा त्यांचा पिंड नव्हता. आकडे, अहवाल आणि कलमे हीच त्यांची हत्यारे.

परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरवले, भारतासाठी ६०. पारतंत्र्यातील देश व्हर्साय तहावर सही करून संघटनेचा सभासद झाला होता खरा, पण 'भारत' म्हणून बोलणारे सरकार इंग्रजांचेच होते. जोशींना मात्र या विचित्र सभासदत्वातली एक फट दिसली. परिषदेने संमत केलेला करार ठराविक मुदतीत आपल्या विधिमंडळापुढे मांडणे प्रत्येक सभासद सरकारवर बंधनकारक होते. १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळाचे नियुक्त सदस्य असलेले जोशी हे बंधन सरकारला सोयीस्करपणे विसरू देत नसत. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमू नये, तो संघटनांनी सुचवावा, या निकडीतूनही १९२० मध्ये आयटक जन्मली. १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा याच काळातले.

प्रत्येक लढाई त्यांनी जिंकली असे नाही. १९२४ मध्ये त्यांनी प्रसूती साहाय्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पण विषय मेला नाही. मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये अशाच विधेयकाचा पुरस्कार केला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला असा पहिला कायदा झाला. सोलापूर याच इलाख्यात होते.

त्याच १९२९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली. जिनीव्हाशी संबंध आणि व्हिटली आयोगावरचा बहिष्कार हे वादाचे मुद्दे होते. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य. ते आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. साहेबाच्या टेबलावर बसून कामगाराचे भले होत नाही, हा विरोधकांचा आक्षेप निव्वळ आततायी म्हणता येणार नाही. तरीही आठवड्याचे तास १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८ झाले, ते कायद्यानेच.

या कायद्याची वेस मात्र लहान होती. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा शेजारच्या अक्कलकोट संस्थानात किंवा निजामाच्या मुलखात आपोआप चालत नसे. सोलापुरातही विजेवर किंवा वाफेवर न चालणारे हातमागाचे कारखाने त्यातून सुटत. तेथे माग थांबण्याची वेळ मालकच ठरवी.

३० मे १९५५ रोजी जोशी वारले. कारखान्यांतील मुलांच्या किमान वयाचा १९१९ चा करार भारताने त्याच वर्षी मान्य केला. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना स्वतंत्र कायद्यासाठी १९६६ पर्यंत थांबावे लागले.