अल्टमान यांचे कण

पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, आपण शाळेत शिकतो. तिचा सखोल अभ्यास सुरुवातीलाच करणारे रिचर्ड अल्टमान मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत.

१८५२ मध्ये प्रशियात जन्मलेले अल्टमान लाइपझिगला शरीररचनाशास्त्र शिकवत. ‘न्यूक्लिक ॲसिड’ हे नाव त्यांनीच १८८९ मध्ये दिले. फुक्सिनने रंगवलेल्या पेशींत त्यांना सर्वत्र बारीक कण दिसले. हे कण जंतूंसारखे स्वतंत्र जीव असून पेशी ही त्यांची वसाहत आहे, असे त्यांनी १८९० च्या ग्रंथात मांडले. हा तर रंगवण्यातला दोष, म्हणून अनेकांनी ते मोडीत काढले. १९०० मध्ये, अवघ्या ४८व्या वर्षी अल्टमान वारले.

‘स्वतंत्र’ हे त्यांचे चुकलेच. माणसाची तंतुकणिका स्वतः फक्त १३ प्रथिने बनवते. हजारांच्या आसपास प्रथिने बाहेरून येतात. बाह्य आवरणातील ‘टॉम’ हे त्यांचे मुख्य दार. पिंपाच्या आकाराची काही प्रथिने या दारातून आत जातात आणि तिथून मागे वळतात; मग ‘सॅम’ ही यंत्रणा त्यांना बाह्य आवरणातच बसवते. २००३ मध्ये उजेडात आलेल्या सॅमचा गाभा जिवाणूंच्या आवरणातील तशाच यंत्रणेचा वंशज आहे. जंतूंशी नाते आहे, हे अल्टमान यांनी बरोबर हेरले होते.

स्लाइडवर विचित्र काही दिसले की आम्ही डॉक्टर पटकन ‘रंगाचा दोष’ म्हणून मोकळे होतो. त्याआधी पुन्हा एकदा पाहावे.