जमशेटजी टाटा
जमशेटजी नसरवानजी टाटा (जन्म : नवसारी, ३ मार्च १८३९, मृत्यू : बाड नाउहाइम, जर्मनी, १९ मे १९०४) हे भारतीय उद्योगपती होते. कापडगिरण्यांबरोबरच पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानशिक्षण या क्षेत्रांतील मोठ्या संस्थांची कल्पना त्यांनी मांडली. त्यांच्या पोलादयोजनेचा आरंभ आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला, पण तेथील कोळशामुळे ती जवळपास दोन दशके रखडली.

आरंभीचे जीवन

जमशेटजींचा जन्म बडोदा संस्थानातील नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये पूर्ण करून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६८ मध्ये २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली.

नागपूरची गिरणी

कापडगिरणीसाठी मुंबई सोडून नागपूरची निवड करणे त्या काळी धाडसाचे मानले गेले. कापसाचा प्रदेश, रेल्वे, पाणी आणि इंधन यांची जवळीक पाहून त्यांनी हा निर्णय घेतला. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. दक्षिणेस वरोरा येथे सरकारी कोळसाखाण होती.

वरोऱ्याचा कोळसा

१८८२ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावरील अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. लोहारा येथील उत्तम खनिज आणि त्याच जिल्ह्यातील वरोऱ्याचा कोळसा यांच्या आधारे लोखंडाचा कारखाना उभारता येईल, असे त्यांना वाटले. कोळशाचे नमुने जर्मनीत तपासले गेले, तेव्हा तो या कामास अयोग्य ठरला.

बॉयलरखाली जळणारा कोळसा झोतभट्टीत चालेलच असे नसते. झोतभट्टीला कोक लागतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा तापवला असता त्याचा कठीण, सच्छिद्र कोक बनत नाही. भट्टीतील खनिजाच्या भाराखाली तो चुरा होऊन हवेची वाट अडवतो.

दुसरी अडचण राखेची असते. कोळसा जळतो, पण त्यातील चिकणमाती, क्वार्ट्झ, लोहमाक्षिक, कॅल्साइट यांसारखी खनिजे राखेच्या रूपाने मागे उरतात. माती व क्वार्ट्झ यांची राख सहसा उच्च तापमानालाच वितळते. मात्र तिच्यात लोह, चुना किंवा अल्कली मिसळले की ती कमी तापमानाला मऊ व चिकट होते. बॉयलरमध्ये अशी राख जाळीवर खंगर होऊन बसते आणि नळ्यांवर थर धरते. त्यामुळे हवा अडते व उष्णता पाण्यापर्यंत कमी पोहोचते. हे थर खरवडून काढता येतात. झोतभट्टीत मात्र राख चुनखडकाशी संयोग पावून धातुमळी म्हणून वितळवावीच लागते. राख जितकी अधिक, तितका चुनखडक अधिक आणि तो वितळवण्यास इंधनही अधिक लागते. भारतातील गोंडवन कोळशात ही खनिजे अतिशय सूक्ष्म कणांच्या रूपात मिसळलेली असल्याने धुऊनही ती पूर्णपणे निघत नाहीत.

खाणकामाचे तत्कालीन जाचक नियमही आड आले आणि योजना मागे पडली.

पुन्हा प्रयत्न

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात खाणविषयक नियम शिथिल झाले. १९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कोक तयार करण्याच्या पद्धती अभ्यासल्या आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यास योजनेसाठी राजी केले. पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड यांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांच्यासह चांदा जिल्हा पालथा घातला. परंतु मोठ्या कारखान्यास पुरेल असा आधार तेथे मिळाला नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती पत्राने कळवली.

मृत्यू व नंतर

त्याच वर्षी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांचे दफन झाले. पुढे १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. मयूरभंजचे खनिज आणि झरियाचा कोक होणारा कोळसा यांच्या आधारे साकची येथे कारखाना उभा राहिला. २ डिसेंबर १९११ रोजी तेथे पहिले लोखंड निघाले. १९१९ मध्ये साकचीचे नाव जमशेदपूर झाले. बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ मध्ये, तर खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये साकार झाले. या तिन्ही योजनांची आखणी जमशेटजींनी केली होती. पूर्णत्वास गेलेली एकही त्यांना पाहता आली नाही.