बिनपगारी सफर : डॉ. सलीम अली

गौलीगुड्याच्या महात्मा गांधी बसस्थानकावरून श्रीशैलमची बस पकडली की काही तासांनी मन्ननूरचा नाका येतो आणि अमराबादचं व्याघ्र-जंगल सुरू होतं. रात्री नऊ ते सकाळी सहा नाका बंद. तेवढा वेळ रस्ता जनावरांचा. येत्या सुट्टीत आम्ही चौघं तिकडे जायचं ठरवतोय. बस की भाड्याची गाडी, फरहाबादची सफारी आधी की नंतर, यावर रोज वाद. त्यातच वाचनात आलं की १९३१-३२च्या पक्षी-पाहणीत सलीम अलींनी हे पठार पायाखाली घातलं होतं. आणि त्या सफरीला निघताना त्यांच्या हाताला नोकरी नव्हती.

त्यांचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६चा. आईवडील लहानपणीच गेले, खेतवाडीत मामांनी वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती सोडते. मला त्यापुढचं जास्त आवडतं. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात काही वर्षं काढून ते परतले आणि मुंबईत हिशेब शिकू लागले. तेव्हा सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्राकडे वळवलं. फादर स्वतः वनस्पतींचे अभ्यासक, जेझुइट. (आपल्या फादरांनी कुणाला अकाउंट्सच्या जोडीला पक्षी शिकायला सांगितलं तर घरी काय होईल, कल्पना करा!)

पण विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. मग मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक झाले, पगार महिना ३५० रुपये. रजा काढून बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३०मध्ये परत येतात तर काय, पैशाअभावी ती जागाच रद्द! पत्नी तेहमिनासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. रिकामपणात त्यांनी सुगरणींची वसाहत न्याहाळली. नर एका घरट्यात मादी नांदू लागली की दुसरं विणायला घेतो, हे तिथलंच निरीक्षण.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अजूनही धाडसाचं वाटतं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीपुढे त्यांनी प्रस्ताव ठेवला : संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू, मुक्कामाचा नि प्रवासाचा खर्च तेवढा मिळावा. निजामाचं हैदराबाद संस्थान त्यातलं पहिलं मोठं काम. हे संस्थान म्हणजे मराठवाड्यापासून गोदावरीपलीकडच्या सागवानी रानांपर्यंत, ऐंशी हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख. अशा सफरीचा आराखडा देखाव्यांवरून ठरत नाही. हिवाळी पाहुणे येतात एका ऋतूत, इथले पक्षी घरटी बांधतात दुसर्‍या ऋतूत. माळरानाचे पक्षी वेगळे, डोंगराचे वेगळे. चुकीच्या महिन्यात पोचलं तर रान तेच, पण यादी अर्धी! आमच्या आराखड्यात या गोष्टीला रकानाच नव्हता. हॉटेलला होता.

योगायोग असा की त्याच सुमारास, जून १९३२मध्ये, निजामाच्या रेल्वेनं २७ बसगाड्यांनी संस्थानची बससेवा सुरू केली. गौलीगुड्याची ती अर्धगोल पत्र्याची जुनी बसशेड २०१८च्या जुलैत कोसळली. घरातली मोठी माणसं अजून तिची आठवण काढतात.

तेहमिना रानातल्या मुक्कामांतही बरोबर असायची. सोसायटीच्या नियतकालिकात अहवाल क्रमशः छापून आला तो सलीम अलींच्या नावानं, ह्यू व्हिसलर यांच्या टिपांसह. तिचं नाव मथळ्यावर नाही. पुढे त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर अशा पाहण्या झाल्या. पण १९३९मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली. सलीम अली बहिणीच्या घरी राहू लागले, पुन्हा लग्न केलं नाही. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं १९४१मध्ये. ते पाहायला ती नव्हती.

पद्मविभूषण मिळालं १९७६मध्ये. २० जून १९८७ला मुंबईत ते गेले. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक तलाव त्यांच्या नावानं ओळखला जातो.

आमची सहल आता डिसेंबरवर ढकलली आहे, हिवाळी पाहुण्यांसाठी. दुर्बीण चौघांत एकच. ती कुणाच्या गळ्यात राहणार, हे अजून ठरायचंय.