जॅको पास्टोरियसच्या तारा

सतारीस पडदे असतात, सारंगीस नसतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. बास गिटारीचे पडदे उपटून तिला सारंगीप्रमाणें गावयास लावणारा प्रख्यात वादक म्हणजे जॅको पास्टोरियस.

त्याचा जन्म १ डिसेंबर १९५१ रोजीं अमेरिकेंतील नॉरिसटाउन येथें झाला. बाळपण मात्र फ्लॉरिडांत गेलें. तेथें विल्टन मॅनर्सच्या कॅथलिक देवळांत तो वेदीसेवक होता. पित्याप्रमाणें तोही प्रथम ड्रम वाजवी. परंतु फुटबॉल खेळतांना मनगट दुखावलें व तो बासकडे वळला.

फेंडरच्या १९६२ सालच्या गिटारीचे पडदे जाऊन खांचा बुजल्या, तेव्हां तारांचा प्रश्न आला. चपट्या वेढ्याच्या तारा लांकडास जपतात, पण त्यांचा नाद मवाळ. गोल वेढ्याच्या तारांचा स्वर झळाळता व लांबणारा. मात्र त्या कानशीप्रमाणें लांकूड खातात. जॅकोनें गोल वेढ्याच्या रोटोसाउंड तारा निवडल्या, आणि नौकांस लावतात तसल्या इपॉक्सीचा लेप देऊन लांकूडच कठीण केलें! स्वराविषयींचा हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

१९७६ सालीं त्याच्या नांवाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षीं तो वेदर रिपोर्ट या वादकसंचांत शिरला. पुढें मनोविकार व मद्य यांनीं त्यास घेरलें. १९८६ सालीं ती गिटार न्यूयॉर्क येथें चोरीस गेली. सप्टेंबर १९८७ मध्यें विल्टन मॅनर्स येथेंच एका क्लबाबाहेर त्यास बेदम मारहाण झाली, व २१ तारखेस, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षीं, तो वारला. गिटार २००६ सालीं पुन्हां सांपडली.